महासागराच्या तळाशी मानव : खोल सागरातील बुड्या आणि भारताची समुद्रयान मोहीम

गोषवारा :
महासागराच्या अतिखोल तळापर्यंत माणसाने प्रत्यक्ष जाण्याचा इतिहास १९६० पासूनचा आहे. भारताने या क्षेत्रात २०२१ मध्ये 'समुद्रयान' प्रकल्पाद्वारे औपचारिक पाऊल टाकले. या प्रकल्पाची मुळे मात्र गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९८१ मध्ये सुरू केलेल्या बहुधातू गोट्यांच्या शोधात आहेत. प्रस्तुत लेखात खोल सागरातील मानवी बुडीमागील विज्ञान, तिचा जागतिक इतिहास, भारताची वाटचाल, २०२३ मधील 'टायटन' दुर्घटनेचा धडा आणि यंत्रे उपलब्ध असताना माणसाने खाली जाण्याची आवश्यकता यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : खोल सागर, मत्स्य ६०००, समुद्रयान, बहुधातू गोटे, जलदाब, सागरी पर्यावरण

१. प्रस्तावना :

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील नेसरी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड या परिसराचे समुद्राशी असलेले नाते दुहेरी आहे. घाट उतरला की काही तासांत सिंधुदुर्गाचा आणि गोव्याचा किनारा गाठता येतो. याउलट या भूमीवर पडणारे पावसाचे बहुतांश पाणी मात्र पूर्वेकडे वाहते. हिरण्यकेशी घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला मिळते आणि ते पाणी अखेरीस बंगालच्या उपसागरात जाते. असे असूनही समुद्र म्हटला की सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर किनारा, लाटा, मासळी आणि बंदरे एवढेच येते. समुद्राचा तळ हा विषय आपल्या विचारविश्वाच्या बाहेरच राहिला आहे.

पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग पाण्याने व्यापलेला आहे. महासागरांची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे. म्हणजेच महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) दोनदा एकावर एक ठेवले तरी ते या सरासरी खोलीत बुडून जाईल. पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेतील 'चॅलेंजर डीप' हे सर्वांत खोल ठिकाण सुमारे १०,९०० मीटर खोल आहे. तेथे एव्हरेस्ट शिखर ठेवले, तर त्याच्या माथ्यावर सुमारे दोन किलोमीटर पाणी उरेल. हिंदी महासागरातील सर्वाधिक खोली जावा गर्तेत असून ती सात हजार मीटरपेक्षा अधिक आहे.

१९६९ ते १९७२ या काळात बारा अंतराळवीर चंद्रावर चालून आले. त्याच वेळी चॅलेंजर डीपच्या तळाशी पोहोचलेल्या माणसांची संख्या केवळ दोन होती आणि पुढे चाळीस वर्षे ती दोनच राहिली. पृथ्वीवरील एक ठिकाण चंद्रापेक्षा दुर्गम का ठरावे, या प्रश्नापासून प्रस्तुत विषयाच्या विवेचनास प्रारंभ करणे उचित ठरेल.

२. खोलीचे स्वरूप : दाब, अंधार आणि थंडी

समुद्राच्या पाण्यात दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे एक वातावरण इतका वाढतो. त्यामुळे ६,००० मीटर खोलीवर तो पृष्ठभागावरील हवेच्या दाबाच्या सुमारे ६०० पट होतो. बोटाच्या नखाएवढ्या, म्हणजे साधारण एक चौरस सेंटिमीटर जागेवर तेथे सहा क्विंटल भार पडतो. चॅलेंजर डीपमध्ये हाच दाब जवळजवळ १,१०० वातावरणांइतका असतो.

दुसरी अडचण अंधाराची आहे. सूर्यप्रकाश २०० मीटरनंतर झपाट्याने क्षीण होतो आणि १,००० मीटरखाली त्याचा मागमूसही राहत नाही. यानासोबत नेलेल्या दिव्यांचा प्रकाशही पाण्यात काही मीटरच पोहोचतो. तिसरी अडचण तापमानाची आहे. विषुववृत्ताजवळच्या उष्ण समुद्रातही तळाचे पाणी शून्याच्या थोडेसेच वर, साधारणतः १ ते ३ अंश सेल्सिअस असते.

चौथी अडचण संपर्काची होय. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात फार दूर जात नाहीत. त्यामुळे उपग्रहाशी किंवा जहाजाशी नेहमीच्या पद्धतीने बोलता येत नाही, ध्वनीचा आधार घ्यावा लागतो. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. म्हणून ६,००० मीटर खोलीवरून विचारलेला प्रश्न जहाजावर पोहोचण्यास चार सेकंद आणि उत्तर खाली येण्यास आणखी चार सेकंद लागतात. शेकडो किलोमीटर उंचीवरील अंतराळवीराशी होणारा संवाद यापेक्षा सुलभ असतो.

येथे एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. 'सबमर्सिबल' हा शब्द आपल्याकडील शेतकऱ्यास विहिरीत अथवा कूपनलिकेत सोडलेल्या पंपामुळे परिचित आहे. 'पाण्यात बुडून काम करणारे' हाच अर्थ खोल सागरातील यानासही लागू पडतो. नौदलाच्या पाणबुड्या आकाराने मोठ्या असतात, परंतु त्या सामान्यतः काही शे मीटर खोलीपर्यंतच जातात आणि स्वतःच्या बळावर दीर्घ प्रवास करतात. याउलट खोलसागरी यान लहान असते. त्याला जहाजावरून नेऊन पाण्यात सोडावे लागते. ते मुख्यतः खाली उतरते, काही तास काम करते आणि वर येते. प्रस्तुत लेखात अशा यानासाठी 'खोलसागरी यान' हा शब्द वापरला आहे.

३. गोलाचे गणित

खोलसागरी यानाचा प्राण म्हणजे माणसे ज्यात बसतात तो कक्ष होय. त्याच्या आत नेहमीचाच हवेचा दाब राखला जातो. त्यामुळे पाणबुड्यांना वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होण्याचा जो धोका असतो, तो येथे उद्भवत नाही. मात्र बाहेरचा संपूर्ण दाब कक्षाच्या भिंतीला सोसावा लागतो.

हा कक्ष गोल का असतो, हे एका साध्या सूत्रावरून समजते. पातळ कवचाच्या गोलावर बाहेरून दाब पडला असता कवचातील ताण हा दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडीची दुप्पट इतका असतो. तीच त्रिज्या आणि तीच जाडी असलेल्या नळकांड्याच्या भिंतीत मात्र तो दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी, म्हणजे बरोबर दुप्पट होतो. भारताच्या 'मत्स्य ६०००' या यानाच्या कक्षाचा व्यास २.१ मीटर असून टायटॅनियम मिश्रधातूच्या कवचाची जाडी ८० मिलिमीटर आहे. ६,००० मीटर खोलीवरील दाब सुमारे ६० मेगापास्कल धरला, तर कवचातील ताण ढोबळमानाने ४०० मेगापास्कल येतो. या प्रकारच्या मिश्रधातूची सहनमर्यादा ८०० मेगापास्कलच्या वर असते. म्हणजे गोलाकार ठेवल्यास सुमारे दुपटीचे संरक्षण हाती राहते. त्याच मापाचे नळकांडे केले, तर ते जवळजवळ मर्यादेवरच उभे राहील. प्रत्यक्ष आराखड्यात खिडक्यांची छिद्रे, दार, जोड आणि आकारातील सूक्ष्म दोष यांचाही हिशेब करावा लागतो. त्यामुळे हे गणित केवळ तत्त्व समजण्यापुरते आहे.

या गोलाच्या संपूर्ण पृष्ठभागावर ६,००० मीटर खोलीत पडणारा एकूण भार ८० हजार टनांहून अधिक भरतो. प्रत्येकी वीस टन ऊस भरलेल्या चार हजार ट्रकांचे ओझे तीन माणसे बसलेल्या एका खोलीएवढ्या गोलावर चारही बाजूंनी पडावे, असे हे चित्र आहे.

टायटॅनियमच का, याचेही उत्तर वजनात आहे. टायटॅनियम पोलादापेक्षा बरेच हलके असते. वर दिलेल्या मापाचा रिकामा टायटॅनियम गोल त्याने बाजूला सारलेल्या पाण्यापेक्षा किंचित हलका राहतो. तेवढ्याच जाडीचा पोलादी गोल मात्र त्या पाण्याच्या सुमारे दीडपट जड होतो. परत वर येणे ही ज्या यानाची पहिली अट आहे, त्याच्यासाठी हा फरक निर्णायक ठरतो. यंत्रे, विद्युतघट आणि सांगाडा यांचे वजन तोलण्यासाठी काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे राळेत मिसळून बनवलेला, दाबाने न चेपणारा तरंगता पदार्थ यानाभोवती बसवतात. खाली जाताना लोखंडी वजने लावतात आणि वर येताना ती तळाशी सोडून देतात. वीज गेली तरी वजने सुटावीत, अशी योजना असते.

खिडक्यांची रचनाही लक्षणीय आहे. जाड पारदर्शक ॲक्रिलिकची खिडकी बाहेरच्या बाजूला रुंद आणि आत निमुळती ठेवतात. बाहेरचा दाब वाढेल तशी ती खाचेत अधिकच घट्ट बसते.

४. ट्रिएस्ट ते फेंदौचे : जागतिक वाटचाल

१९३४ मध्ये अमेरिकेतील विल्यम बीबी आणि ओटिस बार्टन हे पोलादी दोराला टांगलेल्या गोलात बसून ९२३ मीटर खोलीपर्यंत गेले. दोर तुटला तर परतीचा मार्ग बंद, ही त्या पद्धतीची मर्यादा होती. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ ऑगस्त पिकार यांनी यापूर्वी बलूनमधून उंच आकाशात उड्डाणे केली होती. बलूनचेच तत्त्व त्यांनी पाण्यात उलटे वापरले. वर हलक्या पेट्रोलने भरलेली मोठी टाकी, तिच्याखाली माणसांचा गोल आणि बुडण्यासाठी लोखंडी गोळ्यांचे वजन, अशी ही रचना होती. दोराची गरज उरली नाही.

याच तत्त्वावरील 'ट्रिएस्ट' हे यान अमेरिकन नौदलाने १९५८ मध्ये विकत घेतले. २३ जानेवारी १९६० रोजी ऑगस्त यांचे पुत्र जॅक पिकार आणि नौदलाचे लेफ्टनंट डॉन वॉल्श हे दोघे त्यातून चॅलेंजर डीपच्या तळाशी पोहोचले. उतरण्यास जवळजवळ पाच तास लागले. वाटेत सुमारे नऊ हजार मीटर खोलीवर बाहेरच्या एका खिडकीच्या काचेला तडा गेल्याचा मोठा आवाज झाला. तरीही त्यांनी उतरणे चालू ठेवले. तळाशी ते सुमारे वीस मिनिटे होते. यानाने उडवलेल्या गाळामुळे छायाचित्रे घेता आली नाहीत. ही कामगिरी अजोड होती. परंतु विज्ञानाच्या दृष्टीने तिची फलश्रुती मर्यादित राहिली, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

यानंतर ५२ वर्षांनी, २६ मार्च २०१२ रोजी, चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन हे एकटेच त्या तळाशी गेले. २०१९ मध्ये व्हिक्टर वेस्कोवो यांनी वारंवार वापरता येईल अशा 'लिमिटिंग फॅक्टर' या यानातून पाचही महासागरांतील सर्वांत खोल ठिकाणे गाठली. त्यांत हिंदी महासागरातील जावा गर्तेचा समावेश होता. २०२० मध्ये कॅथी सलिव्हन या चॅलेंजर डीपच्या तळाशी पोहोचणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांनी पूर्वी अंतराळातही पदभ्रमण केले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनच्या 'फेंदौचे' या यानातून तीन जण तेथे उतरले.

विक्रमांच्या या मालिकेला समांतर अशी दुसरी, कमी प्रसिद्धी मिळालेली मालिका आहे. अमेरिकेचे 'ॲल्विन', फ्रान्सचे 'नॉटील', रशियाची दोन 'मीर' याने आणि जपानचे 'शिंकाई ६५००' ही याने विक्रमासाठी बांधलेली नव्हती. ती वर्षानुवर्षे शास्त्रज्ञांना तळाशी नेऊन परत आणण्यासाठी बांधली गेली. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर, आधी जहाजामागून ओढल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याने दाखवलेल्या खुणांचा माग काढत, 'ॲल्विन'मधून गेलेल्या शास्त्रज्ञांना सागरतळावरील उष्ण झरे आणि त्यांच्याभोवतीची दाट जीवसृष्टी आढळली. सूर्यप्रकाशाविना, रासायनिक ऊर्जेवर पोसणारी ही जीवसृष्टी विसाव्या शतकातील जीवशास्त्राच्या मोठ्या शोधांपैकी एक मानली जाते. खोल सागरात चॅलेंजर डीपइतकी खोली न गाठताही मोठे ज्ञान मिळते, हे यावरून स्पष्ट होते.

५. गोव्यापासून मध्य हिंदी महासागरापर्यंत

१९६० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेची परिणती म्हणून १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. ही संस्था गोव्यात पणजीजवळ दोना पावला येथे आहे. तिच्या 'गवेषणी' या संशोधन नौकेने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळातून बहुधातू गोट्यांचा पहिला भारतीय नमुना वर काढला.

हे गोटे साधारणतः बटाट्याच्या आकाराचे असतात. एखादा शार्क माशाचा दात किंवा खडकाचा तुकडा यांच्याभोवती समुद्राच्या पाण्यातील धातू थरांनी साचत जातात. त्यांत मँगनीज मोठ्या प्रमाणात आणि निकेल, तांबे, कोबाल्ट कमी प्रमाणात असते. दहा लाख वर्षांत अवघे काही मिलिमीटर, इतकी त्यांची वाढ मंद असते. विद्युतघटांसाठी निकेल व कोबाल्ट यांची मागणी वाढल्याने या गोट्यांकडे जगाचे लक्ष वेधले गेले आहे.

१९८७ मध्ये भारताची संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेखाली 'अग्रणी गुंतवणूकदार' म्हणून नोंद झाली आणि मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र संशोधनासाठी मिळाले. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार झाला. नियमानुसार काही क्षेत्र परत केल्यानंतर ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे राहिले. तेथील तळ पाच हजार मीटरपेक्षा अधिक खोल आहे. भारताने आपल्या यानासाठी ६,००० मीटर ही मर्यादा का निवडली, याचे उत्तर येथे मिळते. ती विक्रमासाठी निवडलेली नसून भारतास जे क्षेत्र तपासायचे आहे, त्याच्या खोलीवरून ठरलेली आहे.

या काळात गोव्यातील संस्थेने आणखी एक महत्त्वाचे कार्य केले. खाणकाम झाल्यास तळाच्या जीवसृष्टीवर काय परिणाम होईल, हे तपासण्यासाठी १९९७ मध्ये मध्य हिंदी महासागरात तळाचा गाळ मुद्दाम ढवळण्याचा प्रयोग करण्यात आला आणि पुढील काही वर्षे त्या जागेचे निरीक्षण केले गेले. धातू काढण्यापूर्वी हानीचा अंदाज घेण्याचा हा प्रयत्न होता. भारतीय समुद्रविज्ञानाच्या इतिहासात त्याची नोंद गोट्यांच्या शोधाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

यंत्रांची निर्मिती चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेकडे सोपवण्यात आली. या संस्थेच्या दूरनियंत्रित यानाने २०१० मध्ये ५,२८९ मीटर खोली गाठली. २०२१ मध्ये तिच्या 'वराह' या यंत्राने ५,२७० मीटर खोलीवर तळावरून चालण्याची चाचणी पूर्ण केली. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची संस्था यांनी मिळून हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील सक्रिय उष्ण झऱ्याची छायाचित्रे मिळवली. ही सर्व कामे मानवरहित यंत्रांनी केलेली आहेत.

६. मत्स्य ६०००

केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ जून २०२१ रोजी पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल महासागर मोहिमेस मान्यता दिली. तिचाच एक भाग असलेल्या समुद्रयान प्रकल्पाचा प्रारंभ २९ ऑक्टोबर २०२१ रोजी चेन्नई येथे झाला. तीन जणांना ६,००० मीटर खोलीपर्यंत नेणारे यान तयार करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. नेहमीच्या कामासाठी बारा तास आणि आणीबाणीत ९६ तास पुरेल एवढी जीवनरक्षक व्यवस्था यानात असावी, असा आराखडा आहे. उतरणे व चढणे यांतच निम्म्याहून अधिक वेळ जात असल्याने तळावरील कामास सुमारे चार तास मिळतात. कक्षात प्राणवायू पुरवणे जितके आवश्यक, तितकेच श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड शोषून घेणे आवश्यक असते. बंद जागेत प्राणवायू संपण्याआधीच या वायूचे प्रमाण घातक होऊ शकते.

या प्रकल्पाची पायरीपायरीने झालेली वाटचाल अभ्यसनीय आहे. प्रथम पोलादी गोल तयार करून ऑक्टोबर २०२१ मध्ये बंगालच्या उपसागरात 'सागर निधी' या जहाजावरून ६०० मीटरपर्यंत त्याची चाचणी घेण्यात आली. टायटॅनियम गोलाच्या जाड अर्धगोलांना निर्वातात इलेक्ट्रॉन झोताने जोडण्याच्या कामी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे साहाय्य घेण्यात आले. २७ जानेवारी ते १२ फेब्रुवारी २०२५ या काळात चेन्नईजवळील कट्टुपल्ली बंदराच्या उथळ पाण्यात यानाच्या सर्व प्रणालींची, माणसांसह आणि माणसांविना, तपासणी झाली. पुढील टप्पे ५०० मीटर आणि त्यानंतर पूर्ण खोली असे आखलेले आहेत.

यानाबरोबर माणसेही तयार करावी लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या सहकार्याने दोन भारतीय सागरयात्री 'नॉटील' यानातून अटलांटिक महासागरात उतरले. चेन्नईच्या संस्थेतील शास्त्रज्ञ राजू रमेश ५ ऑगस्ट रोजी ४,०२५ मीटर खोलीपर्यंत गेले आणि दुसऱ्या दिवशी नौदलातील निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंग यांनी ५,००२ मीटर खोली गाठली. स्वतःचे यान सिद्ध होण्यापूर्वी दुसऱ्याच्या अनुभवी यानातून शिकून घेण्याचा हा मार्ग विवेकाचा म्हणावा लागेल.

७. टायटनचा धडा

१८ जून २०२३ रोजी उत्तर अटलांटिकमध्ये टायटॅनिक जहाजाच्या अवशेषांकडे निघालेले 'टायटन' हे खासगी यान उतरतानाच चेपून नष्ट झाले. त्यातील पाचही जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी पॉल-आँरी नार्जोले हे फ्रान्सचे अत्यंत अनुभवी सागरयात्री होते. १९८७ मध्ये त्यांनी 'नॉटील'मधून टायटॅनिकपर्यंत बुडी घेतली होती. यावरून असे दिसून येते की, व्यक्तीचा अनुभव कितीही मोठा असला, तरी कवचातील दोष तो भरून काढू शकत नाही.

'टायटन'चा कक्ष गोल नव्हता. अधिक प्रवासी मावावेत म्हणून तो नळकांड्याच्या आकाराचा होता आणि त्याचा मधला भाग कार्बन तंतूंच्या मिश्रपदार्थाचा होता. हा पदार्थ ओढ सहन करण्यात उत्तम असतो. परंतु बाहेरून चेपणाऱ्या दाबाखाली त्याचे थर सुटण्याचा धोका असतो आणि प्रत्येक बुडीगणिक तो वाढतो. यानाने कोणत्याही मान्यताप्राप्त वर्गीकरण संस्थेचे प्रमाणपत्र घेतलेले नव्हते. २०२२ मधील एका बुडीनंतर कवचातून मोठा आवाज आल्याची नोंद झाली होती, तरीही यान वापरात ठेवले गेले. अमेरिकन तटरक्षक दलाने ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात ही दुर्घटना टाळता येण्याजोगी होती, असा निष्कर्ष काढला.

'ट्रिएस्ट'च्या काचेला गेलेला तडा आणि 'टायटन'मधील आवाज या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या असता एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या प्रसंगी मुख्य गोल भक्कम होता, म्हणून धाडसाला यश आले. दुसऱ्या प्रसंगी कवचच दुबळे झाले होते, त्यामुळे धाडस निरर्थक ठरले. भारताच्या प्रकल्पाच्या नियोजित तारखा पुढे गेल्यावर वृत्तपत्रांतून विलंबाची चर्चा होत आली आहे. परंतु या क्षेत्रातील विलंबाचे मूल्यमापन रस्त्याच्या किंवा इमारतीच्या विलंबाप्रमाणे करता येणार नाही. जोडाची आणखी एक तपासणी, आणखी एक उथळ बुडी, प्रमाणपत्रासाठी थांबलेले काही महिने हे या कामाचेच अंग होय.

८. माणूस की यंत्र ?

मानवरहित यंत्रे ६,००० मीटरपर्यंत जाऊ शकत असतील, तर तीन जीव धोक्यात का घालावेत, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. २०१४ मध्ये अमेरिकेचे 'नेरियस' हे मानवरहित यान न्यूझीलंडजवळील केर्माडेक गर्तेत सुमारे ९,९०० मीटर खोलीवर नष्ट झाले. त्यात माणूस नव्हता, म्हणून ती केवळ आर्थिक व वैज्ञानिक हानी ठरली. यंत्रे अधिक काळ तळाशी राहतात, त्यांना श्वास लागत नाही आणि त्यांचा खर्चही कमी असतो. विस्तृत क्षेत्राचे नकाशे तयार करणे, नमुने गोळा करणे ही कामे त्यांनीच करावीत.

तथापि काही कामांत प्रत्यक्ष उपस्थितीचे मोल अजूनही आहे. कॅमेऱ्याची चौकट जे दाखवते, तेवढेच दूरवरील निरीक्षकास दिसते. खिडकीशी बसलेल्या अभ्यासकाची नजर चौकटीबाहेरच्या हालचालीकडे वळते, अंतराचा व आकाराचा अंदाज घेते आणि ठरलेला मार्ग सोडून अनपेक्षित गोष्टीमागे जाण्याचा निर्णय तत्काळ घेते. १९७७ च्या शोधात कॅमेरा आणि माणूस या दोघांचाही वाटा होता. म्हणून हा प्रश्न दोहोंपैकी एकाची निवड करण्याचा नसून कामाच्या विभागणीचा आहे.

भारताच्या संदर्भात या प्रश्नाला नैतिक बाजूही आहे. मध्य हिंदी महासागरातील गोटे उद्या काढायचे किंवा नाही, हा निर्णय देशाला व जगाला घ्यावा लागणार आहे. ज्या तळावर गोटे वाढण्यास लक्षावधी वर्षे लागली, तेथील हानी माणसाच्या कालगणनेत भरून येणारी नाही. गोट्यांच्या कठीण पृष्ठभागावर काही जीव वास्तव्य करतात, आणि गोटे नेले की त्यांचा आधारही जातो. अशा ठिकाणचा निर्णय केवळ धातूंच्या बाजारभावावरून होऊ नये. तेथे जाऊन आलेल्या, तो तळ स्वतः पाहिलेल्या अभ्यासकांचे मत त्या निर्णयात असणे इष्ट आहे. 'मत्स्य ६०००' हे खाणकामाचे पहिले पाऊल ठरते की साक्षीदाराचे, यावर या प्रकल्पाचे अंतिम मूल्य अवलंबून राहील.

९. निष्कर्ष :

१. अतिखोल सागरातील मानवी बुडीची मुख्य समस्या दाबाची असून गोलाकार, योग्य धातूचे आणि दोषरहित कवच हेच तिचे सिद्ध झालेले उत्तर आहे.

२. विक्रमी खोलीपेक्षा वारंवार सुरक्षितपणे जाऊन परत येण्याची क्षमता विज्ञानास अधिक उपयुक्त ठरली आहे.

३. भारताच्या समुद्रयान प्रकल्पाची मुळे गोव्यातील १९८१ च्या शोधात असून ६,००० मीटर ही मर्यादा राष्ट्रीय गरजेतून ठरलेली आहे.

४. 'टायटन' दुर्घटनेवरून स्वतंत्र प्रमाणीकरण आणि टप्प्याटप्प्याची चाचणी यांना पर्याय नाही, हे सिद्ध होते.

५. मानवरहित यंत्रे आणि मानवसहित याने ही परस्परपूरक आहेत. सागरतळावरील संभाव्य खाणकामाच्या निर्णयात प्रत्यक्ष निरीक्षणाला स्थान मिळणे आवश्यक आहे.

महाविद्यालयीन स्तरावर भूगोल, भौतिकशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि अर्थशास्त्र या विषयांचे विद्यार्थी या एकाच विषयाकडे आपापल्या बाजूने पाहू शकतात. दोना पावला आणि वास्को येथील संस्था दक्षिण कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांपासून एका दिवसाच्या अंतरावर आहेत. सागरतळ आपल्यापासून दूर आहे, ही समजूत त्या अंतरापेक्षा मोठी आहे. ती दूर झाल्यास घाटमाथ्यावरील विद्यार्थीही उद्याच्या खोलसागरी संशोधनात सहभागी होऊ शकतील, अशी अपेक्षा करणे वावगे ठरणार नाही.